चार कोंबड्यांचा परवाना

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याची राजधानी असलेल्या मॅडिसन शहरात २००४ पर्यंत घरामागे कोंबडी पाळायला मनाई होती. म्हणून तिथे कोंबड्या नव्हत्या असे मात्र नाही. लपूनछपून खुराडी बाळगणारे लोक एकमेकांना हुडकत एकत्र आले, नगरसेवकांच्या मागे लागले आणि त्यांनी नियम बदलून घेतला. घरटी चार माद्या, कोंबडा नाही, कापाकापी नाही, शेजाऱ्याच्या घरापासून खुराडे पंचवीस फूट लांब आणि दरवर्षी किरकोळ फी भरून परवाना, असा तो नियम होता. पुढच्या दहा-बारा वर्षांत अमेरिका-कॅनडातल्या कितीतरी गावांनी हाच साचा थोडाफार फिरवून उचलला. व्हँकुव्हरने २०१० मध्ये चार कोंबड्यांना परवानगी दिली. डेन्व्हरने २०११ मध्ये आठ कोंबड्यांबरोबर दोन बुटक्या शेळ्याही मान्य केल्या. या चळवळींची बातमी आपल्याकडे आली की ती हौशी लोकांचे खूळ म्हणून वाचली जाते. पशुवैद्यकांनी आणि कुक्कुट व्यावसायिकांनी ती तशी वाचू नये. शहरातल्या घरगुती कोंबडीला परवानगी असावी, आणि ती आपल्याच धंद्याच्या हितासाठी असावी, असे आमचे मत आहे. चळवळीतले लोक मात्र तिचे समर्थन ज्या कारणांनी करतात, ती आमची कारणे नाहीत.

त्यांची कारणे ताज्या अंड्याची, मुलांना अन्न कुठून येते ते कळावे याची आणि स्वावलंबनाची असतात. विरोधकांची कारणे आवाज, वास आणि उंदीर ही. नगरसभेतला सगळा वाद या दोन टोकांमध्ये होतो आणि नियमही त्यातूनच घडतात. अंतर मोजायचे, कोंबडा वगळायचा, खाद्य झाकणाच्या डब्यात ठेवायचे. यात चुकीचे काही नाही. कोंबडा नसला तर उरतो तो अंडे घातल्यानंतरचा कलकलाट, आणि तो दोन माणसांच्या बोलण्याहून फारसा मोठा नसतो. चार कोंबड्यांची दिवसाची विष्ठा जेमतेम अर्धा किलो भरते. कोरडा भुसा वेळेवर टाकला तर तिला वासही येत नाही. म्हणजे शेजाऱ्याचा प्रश्न सुटण्याजोगा आहे आणि तो बहुतेक ठिकाणी सुटलाही. पण या नियमावल्या वाचताना एक गोष्ट खटकते. आजारी कोंबडीचे काय, मेलेल्या कोंबडीचे काय, लस कोणती आणि कधी, याबद्दल त्यांत फारसे काही सापडत नाही. कोंबडीकडे त्रास देणारी वस्तू म्हणून पाहिले गेले, रोग होणारा जीव म्हणून नाही. त्या सभांमध्ये आपल्या व्यवसायाचा माणूस क्वचितच होता, असाच याचा अर्थ.

आमचा मुख्य मुद्दा नोंदीचा आहे. मे २०१८ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियात लॉस एंजेलिस परिसरातल्या हौशी पाळीव कोंबड्यांत मानमोडीचा, म्हणजे राणीखेतचा, जहाल विषाणू सापडला. साथ आटोक्यात यायला २०२० चा जून उजाडला आणि तोवर सुमारे बारा लाख पक्षी मारावे लागले. बाधित ठिकाणे बहुतेक सगळी घरगुती होती. मोठे फार्म मोजकेच. व्यावसायिक उत्पादक या साथीकडे बोट दाखवून म्हणतात की बघा, घरच्या कोंबड्या म्हणजे धोका. हा आक्षेप वजनदार आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. पण तपशील पाहा. त्या पक्ष्यांत प्रदर्शनाचे आणि झुंजीचे पक्षी पुष्कळ होते. ते हातोहात विकले जात, एका घरातून दुसऱ्या घरात फिरत, आणि ते कुठे आहेत याची यादी कोणाकडेही नव्हती. सरकारी पथकांना दारोदार जाऊन विचारावे लागले. ज्याने पक्षी बेकायदा ठेवला आहे तो दार उघडून मान मोडलेला कोंबडा दाखवणार नाही, हे सांगायला साथरोगतज्ज्ञ लागत नाही. ब्रिटनने हा धडा बर्ड फ्लूकडून घेतला. तिथे पूर्वी पन्नासाहून कमी पक्षी असलेल्यांना नोंदणीची सक्ती नव्हती. १ ऑक्टोबर २०२४ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये एक कोंबडी असली तरी नोंद करावी लागते. विस्कॉन्सिन राज्याने तर पशुधन असलेल्या प्रत्येक जागेची नोंद त्याआधीच कायद्याने बंधनकारक केली होती, आणि त्यात एकट्या कोंबडीचे अंगणही आले. बंदी असलेल्या शहरात अशी नोंद होऊच शकत नाही, कारण नोंदवणे म्हणजे गुन्हा कबूल करणे.

नोंदीचा दुसरा उपयोग रोजच्या कामातला आहे आणि वाचकांना तो सांगण्याची खरे तर गरज नाही. लासोटा या राणीखेतवरच्या लशीची कुपी शंभर किंवा त्याहून जास्त मात्रांची येते. एकदा द्रावणात मिसळली की ती दोन तासांत संपवावी लागते, तीही बर्फावर ठेवून. चार कोंबड्यांच्या मालकाने ती घ्यायची कशी? तो घेत नाही. मग उन्हाळ्यात एखादी कोंबडी मान वाकडी करून गोल फिरू लागते, दोन दिवसांत उरलेल्या तिघी जातात, आणि मालक औषधाच्या दुकानातून कसलेतरी प्रतिजैविक आणून पाण्यात टाकत बसतो. विषाणूवर ते चालत नाही, त्याचे अंश मात्र अंड्यात उतरतात. एका वॉर्डातली पंचवीस घरे यादीवर असतील तर एका सकाळी एकाच कुपीत शंभर पक्ष्यांच्या डोळ्यांत थेंब पडतात. वाहतुकीचा खर्च धरूनही हे परवडते.

परवानगीने धोके नाहीसे होत नाहीत, हेही स्पष्ट बोलले पाहिजे. २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात अमेरिकेत पिल्लांची खरेदी वाढली आणि त्याच वर्षी घरगुती कोंबड्यांशी जोडलेल्या साल्मोनेलाचे १,७०० हून अधिक रुग्ण नोंदले गेले. तीनशेहून जास्त जणांना रुग्णालयात ठेवावे लागले, आणि रुग्णांत पाच वर्षांखालच्या मुलांचा वाटा जवळपास एक चतुर्थांश होता. पिल्लाला ओठ लावणारे, खुराड्यातली चप्पल घरात आणणारे कुटुंब यातूनच आजारी पडते. दुसरा धोका जमिनीतला. सिडनीतल्या अंगणांच्या एका अभ्यासात, २०२२ मध्ये, घरच्या अंड्यांत शिशाचे प्रमाण बाजारच्या अंड्यांच्या सरासरी चाळीसपट आढळले. जुना रंग आणि शिसेयुक्त पेट्रोल यांचे अवशेष मातीत राहिले होते आणि कोंबडी ती माती उकरून खाते. ‘घरचे ते शुद्ध’ या समजुतीला हा चांगलाच धक्का आहे. पण या दोन्ही धोक्यांवर उपाय परवान्याच्या अर्जातच बसवता येतात. अर्जासोबत मातीचा एक नमुना आणि अर्ध्या दिवसाचे प्रशिक्षण मागता येते. बंदी घालणाऱ्या शहराला असे काहीच मागता येत नाही. तिसरी अडचण म्हाताऱ्या कोंबडीची. ती दोन-तीन वर्षे चांगली अंडी देते आणि नंतर आणखी तितकीच किंवा जास्त जगते. कापायला मनाई करणाऱ्या अमेरिकी गावांत अशा पक्ष्यांचे आश्रम निघाले आहेत. आपल्याकडे हा प्रश्न रविवारी सकाळी आपोआप सुटतो.

लोक नोंद करणारच नाहीत, असा एक व्यवहारी आक्षेप उरतो. काही जण करणार नाहीत, हे खरेच. टोरांटोने २०१८ मध्ये काही प्रभागांपुरता नोंद करून कोंबड्या पाळू देण्याचा प्रयोग सुरू केला, त्यात मोजकीच घरे आली, आणि २०२३ मध्ये तो गुंडाळला गेला. बर्ड फ्लूची धास्ती हे त्यामागचे एक कारण होते. प्रयोग फसला असे म्हणणाऱ्यांना आम्ही विचारू, की ज्या घरांत कोंबड्या आहेत ती धास्तीच्या काळात पालिकेला माहीत असणे बरे की नसणे? फी कमी ठेवली, नोंदीच्या बदल्यात लस फुकट दिली, तर यादी भरते. दंडाने ती भरणार नाही.

महाराष्ट्रात खेड्यातल्या परसातल्या कोंबडीला कोणी परवाना मागत नाही आणि मागूही नये. पण शहरांच्या पोटात गावठाणे आहेत, कोळीवाडे आहेत, वस्त्या आहेत, आणि तिथे डालग्याखाली, जिन्याखाली, गच्चीवर कोंबड्या आहेतच. आता गच्चीवर ग्रामप्रिया किंवा कडकनाथ पाळणारा नोकरदारही त्यांत आला, आणि त्याच्या सोसायटीत भांडण अंड्यावरून आहे की वासावरून, हे कळायला मार्ग नसतो. पशुगणना होतेच की, असे कोणी म्हणेल. २०१९ च्या विसाव्या गणनेत देशातले परसातले पक्षी ३१ कोटींवर गेले, आधीच्या गणनेपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी वाढले, हे तिनेच सांगितले. पण पाच वर्षांतून एकदा मिळणाऱ्या आकड्याला साथीच्या रात्री फोन लावता येत नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लूचा एच५एन१ विषाणू सापडला तेव्हा फार्म कुठे आहेत हे सर्वांना ठाऊक होते. घरच्या कोंबड्यांसाठी पथकांना दारोदार जावे लागले. म्हणून पशुवैद्यक संघटनांनी आपापल्या महानगरपालिकेकडे, कोणी चळवळ उभारण्याची वाट न पाहता, एक पानी नोंदणी अर्जाचा मसुदा न्यावा. पत्ता, पक्ष्यांची संख्या, शेवटच्या लसीची तारीख एवढे त्यात पुरे. त्याच पानावर ठळक अक्षरांत एक फोन नंबर असावा आणि त्याखाली सूचना: कोंबडी अचानक मेली तर पुरू नका, कचऱ्यात टाकू नका, दुहेरी पिशवीत बांधून बर्फाजवळ ठेवा आणि याच नंबरवर कळवा, दंड होणार नाही.