पुरुष मोजले, चित्रपट राहिले

गेल्या रविवारी 'भूमिका' पुन्हा पाहिला. मग रात्री त्याच्यावर लिहिलेलं जुनं-नवं जे हाताशी होतं ते काढून वाचत बसले. वाचता वाचता बेचैन झाले.

१९७७ सालचा श्याम बेनेगलांचा हा चित्रपट अभिनेत्री हंसा वाडकरांच्या 'सांगत्ये ऐका' या आत्मकथनावर बेतलेला. त्याच्या कौतुकात कुणी हात आखडता घेतला नाही. स्मिता पाटीलला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पटकथेलाही मिळाला. ते रास्तच होतं. विशीतल्या स्मितानं कोवळ्या मुलीपासून थकलेल्या बाईपर्यंतचा प्रवास ज्या ताकदीनं उभा केला, तो आजही अंगावर येतो.

पण त्या लिखाणात चित्रपटाच्या नायिकेची, उषा या नटीची गोष्ट सांगितली जाते ती तिच्या आयुष्यातल्या चार पुरुषांच्या नावांनी. केशव दळवी, राजन, सुनील वर्मा, विनायक काळे. कोणी तिला स्वत्वाच्या शोधात निघालेली म्हणतं, कोणी पुरुषी व्यवस्थेचा बळी. ती कोणाकडे गेली, का गेली, का परतली, याची चर्चा पानंच्या पानं. ती काम काय करत होती, यावर मात्र एखादं वाक्य. चित्रपट तर सुरूच होतो तिच्या नाचानं, चालू शूटिंगमध्ये! नवऱ्याशी भांडून आली तरी तिला कॅमेऱ्यासमोर उभं राहावं लागतं, कारण घर तिच्या पैशावर चालतं. बेनेगलांनी हे दाखवलं आहे. आम्ही पाहणाऱ्यांनी ते पार्श्वभूमी समजून सोडून दिलं.

हंसाबाई १९३६ मध्ये 'विजयाची लग्ने'मधून पडद्यावर आल्या, तेव्हा त्या जेमतेम तेरा वर्षांच्या होत्या. पुढे 'संत सखू', 'रामशास्त्री', 'लोकशाहीर रामजोशी', 'पुढचं पाऊल'. अनंत माने यांच्या १९५९ च्या 'सांगत्ये ऐका'नं पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात शंभरावर आठवडे मुक्काम ठोकला आणि त्याचंच नाव हंसाबाईंनी आत्मकथनाला दिलं. आयुष्याची गोष्ट सांगताना जिला आपल्या चित्रपटाचं नाव सुचतं, त्या बाईला आम्ही फक्त दुःखाच्या मापानं मोजत राहिलो. हा तिच्यावर अन्याय आहे, असं मला मनापासून वाटतं.

हे आत्मकथन आधी 'माणूस' साप्ताहिकातून आलं. अरुण साधूंनी शब्दांकन केलं, पण आवाज हंसाबाईंचाच राहिला. दारू, पळून जाणं, मराठवाड्यातल्या खेड्यातली कोंडी, सगळं त्या सांगतात. दया मात्र कुठेही मागत नाहीत.

१९७१ मध्ये त्या गेल्या. 'भूमिका' त्यांना पाहायला मिळाला नाही. तुम्ही तो पाहिला असेल, तर एक विनंती आहे: 'रामजोशी' मिळवून पाहा. त्यातली बयाची भूमिका हंसाबाईंनी केली आहे.