वैर कुणाशी, विरोध कशाला?

हरभऱ्याची पेरणी तोंडावर आली की चिखली, मेहकरकडच्या कृषी केंद्रांवर ट्रायकोडर्माची मागणी सुरू होते. ही एक बुरशी आहे आणि ती बुरशीलाच मारते. मर रोगाची फ्युजेरियम बुरशी जमिनीत दबा धरून बसलेली असते. ट्रायकोडर्मा तिच्या तंतूंना वेटोळे घालते, तिचे आवरण विरघळवते, तिचे अन्न पळवते. शेतकरी हिला 'मित्र बुरशी' म्हणतो. जीवशास्त्राच्या पुस्तकात मात्र तिच्या या कामाला 'अँटागोनिझम' म्हणजे विरोधभाव म्हटले आहे. एकाच जीवाला मित्र आणि विरोधी अशी दोन्ही नावे! कुणाचा मित्र आणि कुणाचा विरोधी, हे विचारल्याशिवाय या शब्दाला अर्थच नाही.

हे आज लिहिण्याचे कारण राजकीय आहे. १ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने सहा विरुद्ध एक अशा बहुमताने अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाचा मार्ग मोकळा केला. २००४ चा चिन्नय्या खटल्यातील निकाल मोडीत निघाला. पुढे राज्य शासनाने निवृत्त न्यायमूर्ती अनंत बदर यांची समिती नेमली. तेव्हापासून वस्तीत, लग्नाच्या मांडवात, कोर्टाच्या आवारातल्या चहाच्या टपरीवर एकच भाषा कानावर येते: बौद्ध विरुद्ध मातंग. 'त्यांनी आमचे खाल्ले', 'हे आमच्या ताटात हात घालतात'. ताट किती मोठे आहे? महाराष्ट्रात ५९ जातींना मिळून तेरा टक्के. भांडण चालले आहे ते या तेरा टक्क्यांत. उरलेल्या ताटाकडे कुणाचे लक्ष आहे?

अशा वेळी समरसतावाले हमखास पुढे येतात. समाज हे एक शरीर आहे, शरीराचे अवयव कधी आपसात भांडतात का, असा त्यांचा लाडका सवाल असतो. हे शरीर आपल्या चांगल्या ओळखीचे आहे. पुरुषसूक्तातले तेच ते, ज्याच्या मुखातून एक वर्ण निघाला आणि पायातून दुसरा. पण गंमत अशी की, खरे शरीरसुद्धा यांच्या बाजूने साक्ष देत नाही. दंडातला पुढचा स्नायू आखडला की हात वाकतो, मागचा आखडला की हात सरळ होतो. दोघे एकमेकांच्या विरुद्ध ओढतात म्हणूनच घास तोंडापर्यंत जातो. स्वादुपिंडातून निघणारे इन्सुलिन रक्तातली साखर उतरवते, ग्लुकागॉन चढवते. विरोध थांबला तर माणूस आजारी पडतो. विरोध म्हणजे रोग, हा सिद्धांत जीवशास्त्राचा नव्हे, तो मनुस्मृतीचा आहे.

म्हणजे विरोधाचे दोन प्रकार झाले. एकात दोघांचे काम एकाच हाडाला बांधलेले असते. दुसऱ्यात एकाचे जगणे हेच दुसऱ्याचे मरण असते, फ्युजेरियम आणि हरभऱ्यासारखे. माओने १९३७ साली वैरभावी आणि अवैरभावी अंतर्विरोध असा फरक मांडला. जर्मनीचा कार्ल श्मिट तर मित्र आणि शत्रू यांतला भेद हाच राजकारणाचा पाया मानत असे. पुढे तो नाझी पक्षात गेला, हेही ध्यानात असू द्यावे.

पण आपल्याला इतके लांब जायची गरज नाही. आपल्या मलकापूर, शेगावच्याच रेल्वेमार्गावर मनमाड आहे. फेब्रुवारी १९३८ मध्ये तिथे अस्पृश्य रेल्वे कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. आणि लगेच खुलासा केला की ब्राह्मणशाही म्हणजे ब्राह्मण जातीची सत्ता नव्हे, तर स्वातंत्र्य, समता, बंधुता या तत्त्वांचा नकार. म्हणूनच २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती दहनाचा ठराव गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे या जन्माने ब्राह्मण असलेल्या सहकाऱ्याला मांडता आला. वैर व्यवस्थेशी होते आणि त्या वैरात तडजोड नव्हती.

मग हे वैर खालच्या खालीच का जिरते? त्याचेही उत्तर बाबासाहेबांनी देऊन ठेवले आहे: श्रेणीबद्ध विषमता. प्रत्येकाच्या डोक्यावर कुणीतरी आहे, पण पायाखालीही कुणीतरी आहे, म्हणून वरच्याविरुद्ध सगळे एक होत नाहीत. स्नायूच स्नायूला फ्युजेरियम समजू लागतो.

मी वकील आहे, विरोधी पक्षकाराच्या वकिलाशी दिवसभर भांडून संध्याकाळी त्याच्यासोबत चहा पिणारा माणूस. म्हणून बौद्ध बांधवांना, त्यांना राग आला तरी, सांगतो. मातंग समाजाची मागणी खोटी नाही. शिक्षणात आपण आधी पुढे सरकलो, त्याचे श्रेय धम्मक्रांतीला आहे, पण जो मागे राहिला त्याच्या प्रश्नाला 'फूट पाडण्याचे कारस्थान' एवढेच उत्तर देणे आपल्याला शोभत नाही. आणि मातंग बांधवांनाही विचारतो: वाटणी कशाची करायची? ६ सप्टेंबर २०२३ रोजी शासनाने नऊ खासगी संस्थांमार्फत कंत्राटी भरतीचा निर्णय काढला होता. ओरड झाली म्हणून ऑक्टोबरमध्ये तो रद्द करावा लागला. जागाच कंत्राटात गेल्या तर उपवर्ग अ आणि उपवर्ग ब, दोघांच्या वाट्याला काय येणार? शून्याची वाटणी शून्यच!

निकाल आला तो दिवस अण्णा भाऊ साठे यांच्या जयंतीचा होता. अण्णा भाऊंनी 'फकिरा' अर्पण केली ती बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला. दोन्ही वस्त्यांत हे ठाऊक असलेली माणसे अजून आहेत.

त्याच निकालात एक अट आहे, तिची चर्चा टपरीवर होत नाही. उपवर्गीकरण करायचे तर शासनाला प्रतिनिधित्वाची प्रत्यक्ष आकडेवारी द्यावी लागेल आणि ती न्यायालयात तपासली जाईल. तेव्हा आकडे आपणच मागू या. जिल्हा परिषदेत, महसुलात, पोलिसांत अनुसूचित जातींची मंजूर पदे किती, भरलेली किती, अनुशेष किती, कंत्राटावर किती आणि भरलेल्यांत कोणत्या जातीचे किती. माहिती अधिकाराच्या अर्जाचा मसुदा मी तयार केला आहे. दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावायचे बाकी आहे. एकाच मजकुराचे दोन अर्ज एकाच दिवशी जावेत, एकावर बौद्ध कार्यकर्त्याची सही, दुसऱ्यावर मातंग कार्यकर्त्याची, असा माझा आग्रह आहे.