लघवी कमी झाली, तर वाट पाहू नका

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. पाणी ओसरल्यावर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची साथ आली. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून, त्वचेवरील जखमांवाटे शिरलेले हे जंतू मूत्रपिंडे अचानक निकामी करू शकतात.

म्हणून वर्तकनगरातही साचलेल्या पाण्यातून चालून आल्यानंतरच्या दिवसांत ताप येऊन पोटऱ्या दुखू लागल्यास डॉक्टरांना त्या पाण्याविषयी अवश्य सांगावे. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या स्वतःहून घेऊ नयेत. जुलाब-उलट्यांनी शरीर कोरडे पडले असता त्या वृद्धांच्या मूत्रपिंडांना अधिकच घातक ठरतात. रक्तदाबाच्या गोळ्यांविषयीही अशा वेळी विचारून घ्यावे. लघवी कमी झाल्यास त्याच दिवशी क्रिएटिनिनची तपासणी करावी.

‘डायलिसिस एकदा लागले की कायमचे’, या धास्तीने उपचार लांबवू नका. लेप्टोमधून वाचलेल्या बहुतेकांची मूत्रपिंडे काही आठवड्यांत पुन्हा काम करू लागतात. तोवर डायलिसिस हा आधार असतो. उतारवयात, विशेषतः मधुमेह असल्यास, सुधारणा अपुरी राहू शकते. काही रुग्ण दगावतातही. यासाठीच, बरे वाटले तरी तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करून घ्यावी.