आमदारकी ही बढती नव्हे!

विधानसभेची निवडणूक जवळ आली की चौकाचौकांत फलकांचे पीक तरारून येते. कालपर्यंतचा नगरसेवक एका रात्रीत ‘भावी आमदार’ होतो. पालिकेत दहा वर्षे काढली, आता वर जायचे, हाच त्या उमेदवारीमागचा विचार! जणू विधानसभा म्हणजे पालिकेची पुढची इयत्ता.

त्याचे प्रचारपत्रक पाहावे. गटारे, पेव्हर ब्लॉक, जलवाहिनी. ही कामे क्षुद्र नाहीत. पण ती पालिकेची आहेत. 1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीने आणलेल्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांसाठीचे 18 विषय नोंदलेले आहेत. आमदाराने कायदे करावेत, अर्थसंकल्प तपासावा, सरकारला जाब विचारावा. मुंबई महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. गटारांच्या नावे मते मागणाऱ्या किती जणांनी त्यावर सभागृह दणाणून सोडले?

दोष केवळ उमेदवाराचा नाही. पक्षांना ‘निवडून येण्याची क्षमता’ या एकाच गुणाचे वेड लागले आहे. गुन्हेगारी खटले असलेल्यांना उमेदवारी का दिली याची कारणे जाहीर करा. केवळ निवडून येण्याची क्षमता हे कारण चालणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2020 मध्ये बजावले. जे सांगायला न्यायालय लागले, ते पक्षांना स्वतःहून उमजू नये? येथे आपला-परका असा भेद करण्याचे कारण नाही.

मग स्थानिक कार्यकर्त्याने विधानसभेत जाऊच नये काय? अवश्य जावे! 1957 मध्ये मावळातून निवडून आलेले रामभाऊ म्हाळगी जनसंघाचे. 1962 पासून 2014 पर्यंत सांगोल्याने अकरा वेळा निवडून दिलेले गणपतराव देशमुख शेतकरी कामगार पक्षाचे. विचारांत दोन ध्रुवांचे अंतर; पण दोघांनीही मातीशी नाते राखून सभागृहात अभ्यासाने प्रश्न लढवले. एसटीने प्रवास करणाऱ्या गणपतरावांना ‘कार्यसम्राट’ म्हणवून घेण्याची गरज भासली नाही.

खरी परीक्षा आता आपली आहे. उमेदवाराचे प्रतिज्ञापत्र निवडणूक आयोग सर्वांसाठी खुले करतो. त्याची मालमत्ता, त्याच्यावरील खटले, त्याचे शिक्षण सारे त्यात असते. मतदानापूर्वी घरात बसून ते सर्वांनी मिळून वाचावे. तो हात जोडून दारी आला की एवढेच विचारावे: कोणता कायदा अपुरा आहे असे आपणास वाटते? सभागृहात पहिला प्रश्न कोणता विचाराल? उत्तर नसेल, तर त्याला सन्मानाने पालिकेतच ठेवावे. पाच वर्षांनी तक्रार करण्यापेक्षा पाच मिनिटे प्रश्न विचारणे केव्हाही बरे.