एसयूव्ही ‘बिल्ड’ करताय? आधी आत बसणाऱ्यांकडे बघा



घरात नवी एसयूव्ही आली की महिनाभरात ती ‘तयार’ करायची टूम निघते. सोमवार ते शुक्रवार शाळा आणि ऑफिस, शनिवार-रविवारी ताम्हिणी, माळशेज किंवा कोकणातला एखादा कच्चा रस्ता. दोन्हीला चालेल अशी गाडी हवी. यात काहीच गैर नाही. मुलांना मॉलऐवजी डोंगरात नेणाऱ्या आईवडिलांचं मला कौतुकच आहे.

माझं भांडण आहे ते खर्चाच्या यादीशी. पुढे लोखंडी गार्ड, खाली लिफ्ट किट, जाडजूड टायर, छतावर कॅरियर आणि त्यावर एलईडी लाइटची पट्टी. या यादीत मुलाची सीट नसते. मागचे सीटबेल्ट तर नव्या सीटकव्हरखाली गाडले जातात. म्हणजे पैसा सगळा पत्र्याला मिळतो आणि आतली हाडामांसाची माणसं तशीच राहतात. मी मेकॅनिक नाही. पण धडकेत शरीराचं काय होतं हा माझा विषय आहे, म्हणून स्पष्ट लिहितो.

लोखंडी गार्ड नेमकं कोणाला वाचवतो?

‘गार्ड असला की धडकेत गाडीला काही होत नाही,’ असं दुकानदार सांगतो. छोट्या धडकेत ते खरंही असतं. पण गाडीचा पुढचा भाग चेपला जावा असाच बनवलेला असतो. तो चेपला जातो तेवढं अंतर तुमच्या शरीराला थांबायला मिळतं.

साधं गणित करू. गाडी ताशी ५० किमी वेगाने आहे आणि समोरचा भाग ६० सेंमी चेपून ती थांबली. पट्टा लावलेल्या ६० किलोच्या माणसाला थांबवायला सरासरी सुमारे १ टन वजनाइतका जोर लागतो. तोच भाग कडक झाल्याने गाडी ३० सेंमीमध्ये थांबली, तर हा जोर दुप्पट, म्हणजे सुमारे २ टन. अंतर किती कमी होईल हे गाडीगणिक वेगळं असेल, पण परिणामाची दिशा हीच. हा जोर छातीच्या फासळ्या, यकृत, प्लीहा आणि हृदयातून निघणारी महाधमनी यांना सोसावा लागतो. पत्रा गॅरेजमध्ये ठोकून सरळ होतो. महाधमनी फाटली तर रुग्ण अनेकदा आमच्यापर्यंत पोचतच नाही.

दुसरी गोष्ट एअरबॅगची. धडक झाल्यावर डोळ्याची पापणी लवायच्या आत एअरबॅग उघडायची की नाही, कधी उघडायची, हे ठरतं. कंपनीने हा हिशेब मूळ बंपर आणि मूळ चासी धरून केलेला असतो. पुढे परकं लोखंड बसवलं की तो हिशेब चुकू शकतो.

तिसरा माणूस रस्त्यावरचा. साध्या कारची धडक पायाला बसते आणि माणूस बोनेटवर कोसळतो. उंच, उभ्या नाकाच्या गाडीची धडक कमरेला किंवा छातीला बसते, आणि लहान मुलाच्या थेट डोक्याला. अमेरिकेतल्या ‘इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी’ या संस्थेने २०२३ मध्ये मांडलेल्या अभ्यासात ४० इंचांपेक्षा उंच बोनेटच्या गाड्यांच्या धडकेत पादचारी दगावण्याची शक्यता, ३० इंच किंवा त्याहून कमी उंचीच्या उतरत्या बोनेटच्या गाड्यांपेक्षा, सुमारे ४५ टक्के जास्त आढळली. अशा उंच नाकावर आपण आणखी लोखंडी नळ्या लावतो.

‘पण हायवेवर गाय आडवी आली तर?’ हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. गार्ड असला तर कदाचित रेडिएटर वाचेल. तुम्हाला मात्र कमी वेग, पट्टा आणि वेळेवर उघडलेली एअरबॅगच वाचवतील. शिवाय केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच सर्व राज्यांना पत्र पाठवून असे गार्ड मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा भंग करतात आणि त्यांवर कारवाई करा, असं कळवलं आहे.

लिफ्ट किट, मोठे टायर आणि छतावरचं ओझं

गाडी वर उचलली की तिची रुंदी तेवढीच राहते, पण गुरुत्वमध्य वर जातो. त्यात छतावर पाण्याचे कॅन, तंबू, जास्तीचा टायर चढला की तो आणखी वर जातो. घाटाच्या वळणावर किंवा हायवेवर अचानक स्टिअरिंग फिरवल्यावर अशी गाडी लवकर कलंडते. कलंडलेल्या गाडीतून पट्टा न लावलेला माणूस बाहेर फेकला जातो, आणि तिथून जिवंत परतण्याची शक्यता फार कमी.

टायरचा व्यास ५ टक्के वाढला तर स्पीडोमीटर ८० दाखवत असताना गाडी ८४ ने धावते. धडकेतली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणून हा फरक सुमारे १० टक्क्यांचा होतो. ब्रेक मात्र जुनेच, आणि ओढायचं वजन जास्त. वर्षातून चार शनिवार चिखलात जायचं म्हणून उरलेलं वर्षभर शाळेच्या रस्त्यावर ही गाडी चालवायची, हा सौदा मला पटत नाही.

लाइटची पट्टी

समोरून झगझगीत प्रकाश आला की डोळा काही सेकंद नीट पाहू शकत नाही. साठीनंतर आणि मोतीबिंदू असलेल्यांना सावरायला आणखी वेळ लागतो. ताशी ६० किमी वेगाने ३ सेकंदांत गाडी ५० मीटर पुढे जाते. म्हणजे समोरचा एसटीचालक किंवा स्कूटरवरचे आजोबा ५० मीटर आंधळे, आणि येतात ते तुमच्याच दिशेने.

मुलांचं काय?

माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच.

ताशी ५० किमी वेगाने होणारी धडक म्हणजे सुमारे १० मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडणं. १० किलोच्या बाळाला अशा धडकेत धरून ठेवायला वर सांगितलेल्या गणिताने दीडशे किलोहून अधिक जोर लागेल. कुठल्याही आईचे हात तेवढं पेलू शकत नाहीत. ‘मी घट्ट धरते हो’ हे प्रेमाचं वाक्य आहे, सुरक्षेचं नव्हे.

बाळाचं डोकं शरीराच्या मानाने मोठं आणि मानेचे अस्थिबंध कच्चे असतात. म्हणून लहान बाळाची सीट मागे तोंड करूनच बसवायची, आणि एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या जागेवर तर कधीच नाही. उंची साधारण १४५ सेंमी होईपर्यंत मोठ्यांचा पट्टा मुलाला नीट बसत नाही. तो कमरेच्या हाडावरून सरकून पोटावर येतो आणि धडकेत आतडी फाटतात, मणका मोडतो. त्यासाठी बूस्टर सीट असते. गरोदर स्त्रीनेही पट्टा लावायचाच. खालची पट्टी पोटाच्या खाली, कमरेच्या हाडांवर. वरची पट्टी दोन स्तनांच्या मधून.

डिकीतल्या समोरासमोरच्या आडव्या बाकांवर मुलांना बसवू नका. तिथे धडकेत शरीर आडवं पिळलं जातं. त्याच डिकीत न बांधलेला २० लिटरचा पाण्याचा जार असेल, तर तो तिसऱ्या मजल्यावरून मुलाच्या डोक्यावर टाकल्यासारखाच.

मोठी माणसंही यातून सुटत नाहीत. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला. गाडी महागडी एसयूव्ही होती. पोलिसांच्या माहितीनुसार मागच्या दोघांनी पट्टे लावले नव्हते. ते दोघेही गेले, पुढचे दोघे वाचले. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते सीटबेल्टमुळे मृत्यूचा धोका निम्म्यापर्यंत कमी होतो. एवढा फायदा देणारी दुसरी कुठली अ‍ॅक्सेसरी दुकानात मिळते ते मला दाखवा.

मग गाडी तयार करायचीच नाही का?

करा की! फक्त क्रम बदला.

१. मुलाच्या वयाची, उंचीची सीट. गाडीत आयसोफिक्स असेल तर त्यावरच बसवा. १४ वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा सीट न लावल्यास १००० रुपये दंड आहे, पण दंडासाठी नव्हे, मुलासाठी घ्या.

२. सगळ्या सीटचे पट्टे बाहेर काढा आणि वापरा. सीटमध्ये बाजूच्या एअरबॅग असतील तर वर जाड कव्हर घालू नका. बेल्टचा अलार्म बंद करणारी क्लिप आजच कचऱ्यात टाका.

३. कंपनीने मान्य केलेल्या मापाचेच चांगले टायर, हवेचा मीटर आणि छोटा कंप्रेसर. वाळूत हवा कमी केली असेल, तर डांबरी रस्त्याला लागण्याआधी पुन्हा भरा.

४. सामान खाली, सीटच्या पाठीला टेकवून, पट्ट्याने बांधून. छतावर फक्त हलकं.

५. अडकलेली गाडी ओढायला कंपनीचाच हुक आणि चांगला पट्टा वापरा. बंपरला दोरी बांधू नका. ओढताना बघ्यांना, विशेषतः मुलांना, दूर उभं करा. तुटलेला हुक गोळीसारखा येतो.

६. प्रथमोपचार पेटी आणि ती वापरायची माहिती. रक्तस्रावावर स्वच्छ कापडाने सलग घट्ट दाब द्यायचा. मानेला मार असेल तर जखमीला विनाकारण हलवायचं नाही. १०८ ला फोन करायचा. डोंगरात रेंज नसते, म्हणून कुठे जातोय आणि कधी परतणार हे घरी सांगून निघा.

ही यादी फोटोत दिसत नाही, तिला लाइक मिळत नाहीत. पण सहाही गोष्टी केल्यावर पैसे उरले, तर मग खुशाल गाडीला रंगीत स्टिकर लावा. त्याने कुणाच्या फासळ्या मोडत नाहीत.

या शनिवारी निघण्याआधी एकदा मागचं दार उघडा आणि प्रत्येक सीटचा पट्टा हाताने ओढून लावून बघा. एखादा सापडला नाही, तर तुमच्या बिल्डची सुरुवात तिथूनच करा.