किडनीचं जेल आणि पाण्याची बाटली

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. आमच्या गल्लीतल्या एक काकू विड्या वळतात. कंबर दुखते म्हणून रोज मेडिकलमधून आणलेली दुखण्याची गोळी घ्यायच्या. त्यातच जुलाब-उलट्या लागल्या. सोलापूरचं ऊन तुम्हाला ठाऊकच आहे! दिवसभर लघवी झाली नाही, तेव्हा कुठे दवाखाना गाठला. किडनीला इजा झाली होती. दोनदा डायलिसिस करावं लागलं. वेळेत गेल्या म्हणून वाचल्या.

परवा त्यांच्या सुनेनं विचारलं, "ताई, किडनी दुरुस्त करणारं जेल निघालंय म्हणे. खरं का?"

खरं आहे, पण अर्धंच. पेप्टाइड म्हणजे प्रथिनाचे छोटे तुकडे. काही पेप्टाइड पाण्यात एकमेकांत गुंफून जेलीसारखं जाळं तयार करतात. त्यात औषध ठेवून ते किडनीपाशी सोडलं, की वाहून न जाता हळूहळू झिरपतं. आपल्या दोन्ही किडन्या दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला बहुतेक परत रक्तात घेतात. या कामाला ऊर्जा फार लागते. इजा झाली की पेशींमधली ही चूल मंदावते. ती पुन्हा पेटवायची, म्हणजे पेशी स्वतःच सावरतील, असा शास्त्रज्ञांचा प्रयत्न आहे. पण हे प्रयोग अजून मुख्यतः उंदरांवरच चालू आहेत. तेव्हा कुणी असं जेल विकायला आलं, तर पैसे देऊ नका.

मैत्रिणींनो, जेल येईल तेव्हा येईल. आपल्या हातात आहे ते आज करूया. दुखण्याची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोज घ्यायची नाही. उलट्या-जुलाबात तर नाहीच. लघवी कमी झाली, पाय सुजले, तर क्रिएटिनिनची तपासणी करून घ्यायची. बीपी, शुगर असेल तर ती वर्षातून एकदा तरी करायचीच.

आणि पाणी! काकूंना विचारलं, तर म्हणाल्या, "दिवसभर बाहेर असते गं. जायला जागा नसते, म्हणून पाणीच पीत नाही." हे आपल्यापैकी कितीजणींचं आहे? बाजारात, स्टँडवर, कामाच्या जागी स्वच्छ मुतारी मागायला लाजायचं कशाला? नगरसेवक मत मागायला दारात येतील, तेव्हा रस्त्याआधी हे विचारा.

उद्यापासून पिशवीत पाण्याची बाटली ठेवाल ना?