ओल्या हातांनी वाचता येईल असा जीपीएस

जुलै २०२३ मध्ये दिल्लीत यमुनेची पातळी २०८.६६ मीटरवर गेली, तेव्हा एनडीआरएफच्या गाझियाबादमधल्या आठव्या बटालियनने नोएडाच्या पूरपट्ट्यातून ‘प्रीतम’ नावाचा एक कोटीचा वळू बाहेर काढला. गाजावाजा अर्थातच वळूचा झाला. पण शेत, बांध, रस्ता सगळेच पाण्याखाली गेल्यावर ‘पिंपळापाशी या’ या पत्त्याला काही अर्थ उरत नाही. कामाला येतात ते अक्षांश-रेखांश.

समुद्रावर हे रोजचेच. पालघरचे कितीतरी खलाशी गुजरातच्या बोटींवर कामाला जातात आणि पाण्यावर न दिसणारी सरहद्द ओलांडल्याच्या आरोपावरून पाकिस्तानच्या तुरुंगात जाऊन पडतात. तरीही हातातला जीपीएस घेताना गिऱ्हाईक आधी विचारते काय, तर स्क्रीन रंगीत आहे का!

बघायला हवीत ती बटणे. मासळीचा चिकटा लागलेल्या बोटांना टचस्क्रीन दाद देत नाही. (फोनमधला जीपीएस रेंज नसतानाही चालतो, हे खरे, पण तो ओल्या हाताने एकदा चालवून पाहावा.) आयपीएक्स-७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास, एवढीच हमी. बुडालेले यंत्र वर येईल, असे त्यात कुठेही म्हटलेले नाही. गार्मिनचे जीपीएसमॅप ७८ पाण्यावर तरंगते आणि दोन पेन्सिल सेलवर सुमारे २० तास चालते. असे सेल बंदरावरच्या टपरीतही मिळतात. उपग्रहावरून संदेश धाडणारी मॉडेल मात्र परवानगीशिवाय भारतात बाळगता येत नाहीत. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर एका परदेशी प्रवासी महिलेला त्यापायीच अडवले होते.

साधा जीपीएस तांडेलाला त्याची जागा सांगतो, दुसऱ्या कुणाला नाही. तटरक्षक दलाला ती व्हीएचएफवरून, किंवा किनाऱ्याजवळ रेंज असेल तर १५५४ या क्रमांकावर, तोंडानेच सांगावी लागते. घोळ होतो तो इथेच. १९.५० अंश म्हणजे १९ अंश ३० मिनिटे. घाबऱ्याघुबऱ्या कुणी ते ‘१९ अंश ५० मिनिटे’ असे वाचले, तर मदतीची बोट ३७ किलोमीटर उत्तरेला जाऊन शोधत बसेल.

म्हणून दुकानातच सेटिंग अंश-मिनिटांवर आणून घ्यावे आणि बोटीवरच्या सगळ्यात नवख्या खलाशाला ते आकडे मोठ्याने वाचायला लावावेत. दुकानदार वैतागेल. वैतागू द्यावा.